फोनमधली नोंद आणि पंचाची सही

(भवानीनगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गावच्या पंचनाम्यांना पंच म्हणून जात आणि मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसत, असे संयोजकांनी मला सांगितले. विषय निवडायला मला तेवढे पुरले. मी वकील आहे, फोन उघडून तपासणारा तंत्रज्ञ नाही. पण गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर येणाऱ्या फौजदारी कागदपत्रांत फोन नाही असे प्रकरण विरळाच. बांधावरची मारामारी असो, ऊसतोडीच्या उचलीची फसवणूक असो की नवरा-बायकोचा वाद असो, पुरावा म्हणून कोणीतरी खिशातून फोन काढतोच.

फोनबद्दल लोकांच्या मनात दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक म्हणजे पुसले की गेले. दुसरी, नेमकी उलटी, की पोलिसांच्या यंत्रात फोन घातला की जन्मापासूनचे सगळे बाहेर येते. दोन्ही चूक आहेत. त्या का चूक आहेत हे समजायला फोन आपल्या गोष्टी कशात लिहितो ते पाहावे लागेल.

तुमचे व्हॉट्सॲपचे निरोप, कॉलची यादी, एसएमएस, संपर्क हे बहुतेक सगळे छोट्या छोट्या डेटाबेसमध्ये साठते आणि त्यातले बहुतेक डेटाबेस एकाच जातीचे असतात: एसक्यूलाइट. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरने 2000 साली तो बनवला. तेव्हा तो अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. मूळ डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की सगळा प्रोग्राम अडायचा. त्या वैतागातून त्याने सर्व्हरच नको असा, एका फाइलीत मावणारा डेटाबेस लिहिला आणि त्यावरचा हक्कही सोडून दिला. आज अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या पोटात तोच आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या निरोपांची फाइल 'एमएसजीस्टोअर' नावाची, आयफोनवर 'चॅटस्टोरेज' नावाची. युद्धनौकेसाठी सुरू झालेला खटाटोप इंदापूरच्या न्यायालयात मुद्देमाल म्हणून हजर होतो, हे त्या गृहस्थाच्या स्वप्नातही आले नसेल.

ही फाइल कशी चालते हे मी तुम्हाला सातबाऱ्यावरून सांगतो, कारण तो इथल्या प्रत्येकाने हाताळला आहे. जमिनीचा व्यवहार झाला की सातबाऱ्यावर लगेच नाव चढत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद पडते, मुदत जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. एसक्यूलाइटच्या बऱ्याच डेटाबेसमध्ये 2010 पासून असेच चालते. नवा निरोप आधी शेजारच्या 'वॉल' नावाच्या फाइलीत लिहिला जातो. तिथे पुरेशा नोंदी साचल्या की त्या मुख्य फाइलीत चढवल्या जातात. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कमी झालेल्या माणसाचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. कंसातले नाव कायद्याने गेलेले, पण वाचता येते. डेटाबेसमधली नोंद पुसली तरी बहुधा हेच होते. ती जागा 'मोकळी' म्हणून खुणावली जाते, अक्षरे तिथेच राहतात आणि पुढे कधीतरी दुसरी नोंद त्यांच्यावर बसते.

बहुधा म्हणालो, कारण काही ॲप पुसताना त्या जागी खरोखर शून्ये भरतात. काही अधूनमधून सगळी फाइल नव्याने लिहून काढतात आणि कंसातली नावे कायमची नाहीशी होतात. शिवाय हे फक्त डेटाबेसच्या आतल्या नोंदींपुरते आहे. पुसलेला फोटो किंवा व्हिडिओ ही वेगळी फाइल असते आणि आजचे फोन प्रत्येक फाइल स्वतंत्र किल्लीने कुलूपबंद ठेवतात. ती किल्ली गेली की चिकाटीचा तज्ज्ञही हात टेकतो. म्हणून 'डिलीट केलेले सगळे परत मिळवले' अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, कोणत्या फाइलीतून?

पुसणाऱ्याला एका गोष्टीची कल्पना नसते. त्याचा निरोप एकाच जागी लिहिलेला नसतो. त्या निरोपाला बोट लावून कोणी उत्तर दिले असेल, तर त्या उत्तराबरोबर मूळ मजकुराची नक्कल वेगळ्या तक्त्यात जाते. शोध घेता यावा म्हणून ॲप शब्दांची सूची ठेवते, तिच्यात शब्द मागे राहू शकतात. नोंदींना ओळीने क्रमांक असतात, मधलाच क्रमांक गायब असला की काहीतरी काढले गेले एवढे तरी कळते. आणि समोरच्या माणसाचा फोन असतोच.

याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातल्या एका प्रकरणाशी जोडलेले आहे. 2018 च्या कोरेगाव भीमा हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी जो तपास केला, त्यात 17 एप्रिल 2018 रोजी दिल्लीत या प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या घराची झडती झाली आणि संगणक जप्त झाला. बचाव पक्षाने त्याची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे तपासायला दिली. बाहेरून घुसवलेल्या प्रोग्रामच्या मदतीने त्यात पत्रे पेरली गेली, असा त्या संस्थेचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच संगणकातल्या विल्सन यांच्या आयफोनच्या बॅकअपमध्ये पेगासस या हेरगिरीच्या प्रोग्रामच्या खुणा सापडल्याचे सांगितले गेले. तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत आणि साक्षीपुराव्याने त्यांची परीक्षा व्हायची आहे. त्यामुळे कोण खरे यावर मी इथे बोलणार नाही.

मला बोलायचे आहे ते अशा खुणा सापडतात कशा, यावर. जुलै 2021 मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या प्रयोगशाळेने पेगाससचा माग काढायची पद्धत जाहीर केली. आयफोनमध्ये 'डेटायूसेज' नावाचा एक साधा एसक्यूलाइट डेटाबेस असतो. कोणत्या प्रोग्रामने किती इंटरनेट वापरले याचा हिशेब तो ठेवतो. त्यात एक तक्ता प्रोग्रामच्या नावांचा आणि दुसरा वापराच्या आकड्यांचा. पेगाससने जाताना नावांच्या तक्त्यातून आपले नाव काढून टाकले, पण आकड्यांच्या तक्त्यातली ओळ तशीच राहिली. म्हणजे वापर झाला आहे, पण तो करणारा कोणी नाही. सरकारांना विकल्या जाणाऱ्या, अतिशय महागड्या प्रोग्रामचा माग असा दोन तक्त्यांचा ताळा न जुळल्याने लागला. इथल्या कारखान्याच्या हिशेब विभागात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना यात नवल वाटणार नाही.

एवढे ऐकून तुम्हाला वाटेल की फोन म्हणजे पक्का साक्षीदार. तसे नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा भर इथून पुढे आहे. फोनमधल्या नोंदी टिकाऊ असतात, पण त्या हाताळणारे हात कच्चे असतात. न्यायालयात पुरावा पडतो तो बहुतेक वेळा डेटाबेसमुळे नव्हे, जप्तीच्या पहिल्या तासात काय झाले हे नीट न लिहिल्यामुळे.

मघाची वॉल फाइल घ्या. तपासणाऱ्याने फक्त मुख्य फाइलीची नक्कल घेतली आणि शेजारची वॉल राहून गेली, तर शेवटचे निरोप, म्हणजे गुन्ह्याच्या तासातलेच, त्याला दिसणार नाहीत. उलट, दोन्ही फाइली घेऊन मूळ प्रत साध्या प्रोग्राममध्ये उघडली आणि बंद केली, तर तो प्रोग्राम इमानेइतबारे वॉलमधल्या नोंदी मुख्य फाइलीत चढवतो आणि वॉल काढून टाकतो. कोणी काही खोडलेले नसते, नुसते पाहिलेले असते. तरी पुरावा बदललेला असतो.

म्हणून हॅश. कोणतीही फाइल गणिताच्या एका ठरावीक चाळणीतून काढली की आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ मिळते. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. नक्कल घेताना ती ओळ काढून कागदावर लिहिली, सही झाली, तर पुढे वर्षांनीसुद्धा 'हीच ती फाइल' असे छातीठोक सांगता येते. लिहिली नाही, तर त्यानंतरची सगळी तज्ज्ञगिरी 'आमच्यावर विश्वास ठेवा' इथवर येऊन थांबते.

वेळेचा घोळ तर रोजचा. डेटाबेस तारीख-वार लिहीत नाही, एक भला मोठा आकडा लिहितो. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सॲप 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद मोजते. आयफोनचे मोजमाप 1 जानेवारी 2001 पासून सुरू होते. कोणी एकाचा आकडा दुसऱ्याच्या मापाने वाचला तर 2024 चा निरोप 1993 सालचा दिसतो. ती चूक निदान डोळ्यांवर येते. न दिसणारी चूक साडेपाच तासांची. हे आकडे ग्रीनिचच्या वेळेत असतात. समजा, वाहतूकदाराने मुकादमाला उचलीचे पैसे पाठवल्याचा निरोप 12 ऑक्टोबरला पहाटे 2 वाजता गेला. वेळ भारतीय वेळेत न बदलता अहवाल छापला, तर तोच निरोप 11 ऑक्टोबरच्या रात्री साडेआठचा होतो. आरोपी 11 तारखेला केज तालुक्यात होता की भवानीनगरच्या तळावर, यावर खटला उभा असेल तर या साडेपाच तासांत माणूस आत जातो किंवा सुटतो. अहवाल हातात आला की कोणत्याही वकिलाने पहिले पान याच्यासाठी वाचावे.

आणि समजा नोंद खरी, वेळ खरी, हॅशही जुळला. तरी त्यातून इतकेच सिद्ध होते की त्या फोनमध्ये ती नोंद आहे. बटण कोणाच्या बोटाने दाबले हे डेटाबेस सांगत नाही. आपल्याकडे एक फोन घरातले चौघे वापरतात, पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो. फोनवर पूर्ण ताबा मिळवला तर डेटाबेसमध्ये बनावट ओळ घालणेही जाणकाराला अवघड नाही. पोहोचलेले निरोप व्हॉट्सॲप स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत नाही, त्यामुळे कंपनीकडून ताळा मिळत नाही. तो समोरच्या फोनवरून, टॉवरच्या नोंदींवरून, बँकेच्या उताऱ्यावरून घ्यावा लागतो.

आपली न्यायालये हे आज शिकली असे कोणी समजू नये. यातले कितीतरी महत्त्वाचे निवाडे महाराष्ट्राच्या मातीतले आहेत. 1964 साली मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितली. लाचलुचपत खात्याने दुसऱ्या एका डॉक्टरच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून संभाषण टिपले. त्या कॉरोनरचे, म्हणजे आर. एम. मलकानी यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये निकाली काढले आणि टेप चालेल असे सांगताना अटी घातल्या: संभाषण प्रकरणाशी संबंधित हवे, आवाज ओळखलेला हवा, आणि टेप पुसून किंवा बदलून घेतल्याची शक्यता राहता कामा नये. टेपच्या जागी डेटाबेस ठेवा, पन्नासहून अधिक वर्षांनंतर कसोटी तीच आहे.

दुसरे प्रकरण जालन्याचे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर तिथून 296 मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण कायद्याला लागणारे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी तो निकाल कायम ठेवला आणि देशभरासाठी नियम पक्का केला: मूळ उपकरणच न्यायालयात आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच, मात्र शक्य ते सगळे करूनही ते मिळत नसेल तर कायदा अशक्य गोष्ट मागत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश लिहिण्याची जागा त्या छापील नमुन्यातच आहे. झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक केले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे कलम 176 सांगते, त्यासाठी राज्यांना तयारीला मुदत दिली आहे. कागदावर हे सगळे चांगलेच आहे. पण तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदाराला बंदोबस्त, समन्स आणि यात्रा सांभाळून हे करायचे असते, आणि फोन शेवटी पुण्याच्या प्रयोगशाळेत रांगेत जाऊन बसतो. दोष एकट्या हवालदाराच्या माथी मारणे मला पटत नाही.

रांगेवरून आठवले. फोन चालू असताना, एकदा तरी कुलूप उघडलेल्या अवस्थेत मिळाला, तर त्यातल्या फाइलींच्या किल्ल्या स्मरणात जाग्या असतात आणि तपासणाऱ्याला बरेच मिळू शकते. बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पिन टाकेपर्यंत जवळपास सगळे कडेकोट. 2024 पासून आयफोन सुमारे तीन दिवस कोणी न उघडल्यास स्वतःहून पुन्हा सुरू होतो. 2025 मध्ये अँड्रॉइडवरही तशी सोय आली. म्हणजे शुक्रवारी जप्त केलेला फोन खाकी पाकिटात, लाखेचे सील लावून मुद्देमाल कक्षात ठेवला, तर पुढच्या आठवड्यात तोच फोन पुराव्याच्या दृष्टीने वेगळा फोन असतो. चार्जिंगचा विचार आमच्या पंचनाम्यात अजून शिरलेला नाही. आणि चालू ठेवायचा तर नेटवर्क तोडूनच ठेवायला हवा, नाहीतर दुसरीकडून कोणीतरी तो पुसून टाकेल.

पिन सांगायला भाग पाडता येते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या प्रकरणात सांगितले की बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मग अंगठा लावून फोन उघडून घेणे चालेल का? आणि डोक्यातला पिन सांगणे ही साक्ष की नुसती किल्ली? यावर देशातल्या न्यायालयांची मते एक नाहीत. माझे मत विचाराल, तर डोक्यातले सांगायला लावणे ही साक्षच आहे.

हलगर्जीची किंमत किती असते हे मुंबईच्या क्रूझ प्रकरणात दिसले. ऑक्टोबर 2021 मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली, आणि त्याच्या व्हॉट्सॲप चॅटची चर्चा घराघरांत झाली. जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की त्या चॅटमध्ये कटाचा संशय यावा असे काही नाही. मे 2022 मध्ये आरोपपत्रात त्याचे नावच नव्हते, आणि त्याचा फोन रीतसर जप्तच केलेला नव्हता हेही तेव्हा पुढे आले. तोवर त्याने तुरुंगातल्या रात्री काढल्या होत्या आणि टीव्हीवर निकाल लागून गेला होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. तपासात फोनमधली चित्रणे मिळाली, ती आरोपपत्रासोबत गेली आणि मार्च 2025 मध्ये त्यातली छायाचित्रे लोकांसमोर आली तेव्हा राज्य हादरले, एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. असा पुरावा नसता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. पण तीच छायाचित्रे आपण गावोगावच्या ग्रुपवर पुढे ढकलली, त्या माणसाच्या लेकरांनी ती पाहिली असतील याचा विचार न करता. खटला न्यायालयात आहे. ती चित्रणे तिथे लागतात, तुमच्या-माझ्या फोनमध्ये नाही.

आता शेवटचे, आणि हे वकील म्हणून नव्हे, तालुक्यातला माणूस म्हणून सांगतो. फसवणूक झाली, धमकी आली, तर नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ निरोप पुसू नका. फोन बदलू नका, रीसेट करू नका, दुकानात दुरुस्तीला टाकू नका. पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा आणि मग ठाणे गाठा. आणि ठाण्यातून बोलावणे आले, पंच म्हणून कागद पुढे सरकवला, तर घाई करू नका. फोनचा आयएमईआय क्रमांक लिहिला आहे का, फोन चालू होता की बंद, कोणी हातात घेतला, किती वाजता, सिमकार्ड काढले का, जागेवर नक्कल घेतली असेल तर तिचा हॅश कुठे आहे, हे वाचा. त्यातले एखादे नसेल तर लिहून घ्यायला सांगा. साहेब रागावले तर रागावू देत. तुमची सही झाल्यावर तो कागद सत्र न्यायालयात तुमच्या नावाने उभा राहणार आहे, आणि उलटतपासणीत माझ्यासारखा कोणीतरी तुम्हाला याच ओळी एकेक करून विचारणार आहे.